चिमणीला उडवायची योजना

३ जून, सकाळ
लॅबच्या क्वालिटी हेडची जागा चिमणीला दिली. चिमणीला! जिला बाटलीवर लेबल लिहायलासुद्धा मी शिकवलं. मी तिच्या बारशाला जेवलोय म्हणा ना. हरकत नाही. महिनाअखेरीस लॅबची मान्यता रिन्यू करायला तपासनीस येणार आहेत. मान्यता गेली की चिमणी भुर्र. मग येतील सगळे माझ्याकडे नाक घासत.

४ जून
डाव ठरला. तक्रारपेटीत निनावी चिठ्ठ्या. तपासनीस पेटी बघतातच. पहिली टाकली: फ्रीजचं दार नीट लागत नाही. डाव्या हाताने लिहिली. बायकोने विचारलं, हे काय गिरगटताय लहान मुलासारखं? तिला काय कळणार डावपेच.

९ जून
फ्रीजचं दार दुरुस्त झालं. योगायोग.
आज पाच चिठ्ठ्या. नळ गळतो, रिपोर्ट उशिरा मिळतात, रक्त घेणारी बाई पेशंटवर खेकसते. सगळं खरं. खोटेपणा आपल्या स्वभावातच नाही.

१७ जून
डावा हात भरून आला. आता उजव्यानेच लिहितो, चिमणीला कुठे कळतंय. नळ गळायचा थांबला. खेकसणारी बाई आता पेशंटला विचारते, काका, दुखलं का? ढोंगी मेली! रागाच्या भरात माझ्या टेबलावरच्या पंख्याचीही तक्रार ठोकली.

२५ जून
नवा पंखा आला. शत्रूचा वारा घ्यायचा नाही असं ठरवलं. दुपारी घेतला. उकडत होतं.
उद्या तपासणी. उद्या चिमणीची अशी जिरणार की ज्याचं नाव ते! बायकोला म्हटलं, इस्त्रीचा शर्ट काढून ठेव. हेडला शोभेल असा.

२६ जून, संध्याकाळ
मान्यता मिळाली.
तपासनीस म्हणाले, बहुतेक ठिकाणी तक्रारपेटी रिकामी असते, तिथेच आम्हाला संशय येतो. इथे एवढ्या तक्रारी, आणि एकूण एक निकाली काढलेली! वा! त्रुटी एकच. तक्रारदाराचं समाधान झालं की नाही, याची नोंद नाही.
चिमणी गठ्ठा घेऊन थेट माझ्या टेबलाशी. सर, सह्या कराल ना? तुमचंच अक्षर गिरवून शिकले मी, डाव्या हाताचंही ओळखलं. सगळ्यांसमोर! आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं.
प्रत्येक चिठ्ठीवर लिहिलं, समाधान झाले. खाली सही. पंख्याने चिठ्ठ्या उडत होत्या. चिमणीने त्या एका हाताने धरून ठेवल्या.