जिच्या हसण्यात मी लांबी भरली

मी, हेडली नॅन्स, वय शहात्तर, राहणार पेन्रिन, कॉर्नवॉल, गोदीतला निवृत्त रंगारी, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणी डोक्यावर बसून लिहवून घेत नाही. माझी आधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत मी खरं लिहिलं नव्हतं.

१. राहतं घर मुलगी केरेन्झा हिला. न्हाणीघराचं छत गळतं. करतो करतो म्हणत माझ्याकडून राहून गेलं.

२. माझे ब्रश आणि शिडी गोदीला द्यावी. शेजारच्या टिडीला शिडी अजिबात देऊ नये. मागची त्यानं वाकवून परत केली आणि वर म्हणाला, "आधीपासूनच वाकडी होती."

३. साठवलेले पैसे नात टॅम्सिन हिला, पण एका अटीवर. तिला शिडाची होडी घ्यायची आहे: जुनी, स्वस्तातली, शर्यतीत पळेल आणि आठवडाभर राहताही येईल अशी. तिचा बाप जिच्यात गेला, त्याच बनावटीची.

तिचा बाप म्हणजे माझा मुलगा जॉरी. बारा वर्षांपूर्वी त्यानं 'पेट्रेल' नावाची होडी पाहिली. देखणी होती, आणि त्याच्या ऐपतीत कशीबशी बसत होती. तळाला लोखंडी कील, म्हणजे होडीला उलटू न देणारं वजन, बोल्टांनी जोडलेली असते, त्या सांध्याला पुढून बारीक तडा होता. गोदीत आम्ही त्याला 'हसू' म्हणतो.

"बाबा, ही हसतेय. तपासनीस बोलवू या का?"

"त्याची फी भरशील की शिडं घेशील? अरे, या वयात सगळ्याच हसतात! मी चाळीस वर्षं काय गवत उपटलं?"

मी त्या हसण्यात लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरली, घासली, वर निळ्या रंगाचे दोन हात दिले. बोल्ट काढून पाहिले नाहीत.

ऑक्टोबरच्या शर्यतीत कील गळून पडली आणि होडी उलटली. जॉरी तिसऱ्या दिवशी सापडला. होडी खोल पाण्यात गेली, ती कोणी वर काढली नाही. सुकाणी होता त्याचा मित्र डेन्झिल. तो वाचला. चौकशीत मला विचारलं, "खडकाला घासली असेल का?" मी म्हणालो, "असेल."

होडी खडकावर घातल्याचा ठपका डेन्झिलवर आला, आणि त्यानंतर त्याला कोणी होडीवर पाय ठेवू दिला नाही. तो मासळीच्या गुदामात पेट्या उचलतो. त्याच्या आईच्या दफनाला सहा माणसं होती आणि मी गेलो नाही. मला स्वतःची शरम वाटते.

अट अशी: टॅम्सिननं कोणतीही होडी घेण्याआधी कील उतरवून बोल्टन् बोल्ट बाहेर काढावा, आणि तो डेन्झिलनं पाहावा. तो हो म्हणाला तरच पैसे मिळावेत.

४. मला जॉरीशेजारी पुरायचं की नाही, ते टॅम्सिननं हे वाचून ठरवावं.

५. डेन्झिलला मी काहीच ठेवत नाही. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि मला साक्षीला तोच हवा. काल त्याला बोलावून इथवर वाचून दाखवलं.

"काका, बारा वर्षं मी तो खडक शोधतोय," तो म्हणाला. "नकाशात बघतो, ओहोटीला जाऊन बघतो."

"खडक नव्हताच रे."

"मग बारा वर्षं तोंडात काय धरलं होतंत?"

दाराशी जाऊन तो म्हणाला, "उद्या येतो सहीला. तुमच्यासाठी नाही, त्या पोरीसाठी."

ठिकाण: पेन्रिन. दिनांक: ९ मार्च २०१९.
सही: हेडली नॅन्स

आम्ही दोघांनी ही सही आमच्या डोळ्यांदेखत होताना पाहिली:
ग्रेस ऑपी. धंदा: परिचारिका.
डेन्झिल ट्रेगेन्झा. धंदा: सुकाणी.