अठरा पूर्ण, एकवीस अपूर्ण

प्रिय गोटे,

आधी खोलीचं सांगते, नाहीतर तू बाकीचं नीट वाचणारच नाहीस. शिवणकाम करणाऱ्या एका मावशींच्या दुकानामागे ती आहे. खिडकी एकच, तीही समोरच्या भिंतीकडे तोंड करून रुसून बसलेली. पलंग आहे, स्टोव्ह आहे, नळाला सकाळी पाणी येतं. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "घरात मोठं कोण आहे? त्यांना घेऊन ये." मी म्हटलं, "मीच मोठी." त्या हसल्या, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. पलंगाशेजारी अजून एक गादी मावेल एवढी जागा मी आल्याआल्याच हेरून ठेवली होती. होती, असं लिहिलं गेलं बघ.

काम हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत मिळालंय. वॉर्डातल्या चादरी धुऊन येतात आणि वाफेवर तापलेल्या दोन मोठ्या रोलरांमधून सरळ होऊन बाहेर पडतात. अठरा पूर्ण नसलेल्या मुलीला त्या रोलरांजवळ फिरकू देत नाहीत. माझा दाखला बघून मुकादमाने मला थेट तिथेच उभं केलं आणि म्हणाला, "अभिनंदन! आता भाजलीस तर जबाबदारी तुझी." सगळ्याजणी खो खो हसल्या, मीही हसले. मनगटावर एक डाग पडलाय, पण तो बाहीखाली जातो, काळजी करू नकोस.

त्या एका वाढदिवसाने मला केवढं काय काय दिलं, सांगू? मी आता मत देऊ शकते. लग्न करू शकते. माझी सही चालते, कोर्टात उभी राहिले तर मोठी माणूस म्हणून उभी राहते आणि गुन्हा केला तर मोठ्यांच्याच तुरुंगात जाईन. आणि त्याच वाढदिवसाच्या सकाळी मी राहत होते त्या मोठ्या संस्थेने कपड्यांची पिशवी हातात देऊन मला फाटकाबाहेर पोचवलं, कारण अठरा झालेल्यांना तिथे ठेवत नाहीत. पहारेकरी बरा माणूस. "नीट जा हं," म्हणाला. कुठे, ते मात्र त्यालाही माहीत नव्हतं.

तू रागावशील, पण मी कोर्टात जाऊन आले. दर रविवारी बालगृहात भेटायला आले की तू विचारायचीस, "ताई, अठरा झालीस की मला नेशील ना?" आणि मी "हो तर!" म्हणायचे. आई गेली आणि बाबा निघून गेले तेव्हापासून तुला मीच सांभाळलंय. त्या बालगृहाच्या मोठ्या बाईसुद्धा तुझा ताप उतरेना की मला हाक मारायच्या. त्यामुळे मला वाटायचं, अठरा पूर्ण झाली की उरलेलं काम फक्त रिक्षा बोलावण्याचं. वकीलबाईंनी फुकटात अर्ज करून दिला. मी मावशींचा ब्लाउज मागून घातला, केस आवळून बांधले, जरा थोराड दिसावं म्हणून. न्यायाधीशबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. तू शाळेतून आल्यावर घरी कोण असेल, आजारी पडलीस तर काय, असं बरंच विचारलं. मी पाठ केल्यासारखी उत्तरं दिली. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बाळ, पालक व्हायला एकवीस पूर्ण लागतात. ते माझ्या हातात नाही. तीन वर्षांनी ये." मला मोठी माणूस म्हणून उभं केलं होतं आणि हाक मारली 'बाळ' म्हणून. मी विचारलं, "उद्या मला स्वतःचं मूल झालं तर ते घरी न्यायला तुम्ही मला अडवाल का?" त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. वकीलबाईंनी माझा हात दाबला. बाहेर आल्यावर मी जिन्यात बसून राहिले, झाडणाऱ्या बाई म्हणाल्या, "पाय वर घे गं," तेव्हा उठले.

तीन वर्षांनी तू सोळाची असशील. मधे काय आहे ते आपल्या दोघींनाही माहीत आहे. चौदा पूर्ण झाली की बालगृह तुला ठेवणार नाही, मोठ्या संस्थेत पाठवेल, जिथे मी होते. चार महिने राहिलेत. तिथलं मी तुला कधी सांगितलं नाही, आताही सांगणार नाही. तिथल्या न्हाणीघरांना आतून कडी नाही, एवढंच सांगते. मी दर रविवारी लांब बाह्यांचे कपडे घालून का यायचे, ते तू एकदा विचारलं होतंस आणि मी विषय बदलला होता.

म्हणून परवा मी चष्म्याच्या दुकानात गेले. हो, त्यांच्याच. बालगृहातल्या मुलींचे डोळे तपासताना ज्यांना तू आवडलीस आणि जे तुला दत्तक मागतायत, त्या नवरा-बायकोला मला बघायचं होतं. डोळे दुखतात अशी थाप मारून खुर्चीत बसले, भिंतीवरची अक्षरं वाचायला लागले. तिसऱ्या ओळीला ती बाई हळूच म्हणाली, "तू तिची ताई ना? कान अगदी एकसारखे आहेत." मग त्यांनी दुकान अर्धं बंद केलं आणि मला चहा दिला. मला भांडायचं होतं गं. मी विचारलं, "दोघींना का नाही?" त्यावर तो माणूस काचा पुसत पुसत म्हणाला, "आम्ही विचारलं होतं. पण तोवर तुला अठरा पूर्ण झाली होती. मोठ्या माणसाला दत्तक घेता येत नाही म्हणाले." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, पण काच पुसायचाही थांबला. एका महिन्याने हुकलं, गोटे. माणसं चांगली आहेत. वाईट असती तर बरं झालं असतं, मला काम सोपं झालं असतं. ती तुला दुसऱ्या शहरात नेतील, तिथे त्यांचं नवं दुकान आहे, शाळा जवळ आहे. तुझं आडनाव बदलेल. कागदोपत्री आपण बहिणी राहणार नाही. सुरुवातीला थोडे दिवस मी येऊ नये, तुला रुळू द्यावं, असंही ती म्हणाली आणि म्हणताना रडली.

मोठ्या बाईंनी मला सगळं सांगितलंय. बारा पूर्ण झालेल्या मुलीच्या मर्जीशिवाय तिला कुणाला दत्तक देता येत नाही, म्हणून गेल्या वेळी कोर्टात तुला विचारलं, आणि तू म्हणालीस, "मला माझी ताई न्यायला येणार आहे." न्यायाधीशबाईंनी महिनाभर थांबायचं ठरवलं, तो महिना मंगळवारी संपतोय. ताई येणार नाही, गोटे. येऊ शकत नाही. हे तुला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मी सांगावं, म्हणून हे पत्र. मंगळवारी मी कोर्टात नसेन. दाराकडे बघत बसू नकोस. मी दिसले तर तू नाही म्हणशील, आणि तू दिसलीस तर मी तुला म्हणू देईन. न्यायाधीशबाई विचारतील, तुझी इच्छा आहे का. हो म्हण. त्यांना जरा कमी ऐकू येतं, तेव्हा मोठ्याने म्हण. पुटपुटलीस तर त्या पुन्हा विचारतील, आणि दुसऱ्यांदा तुझ्याच्याने म्हणवणार नाही.

कागदावर काहीही लिहू देत,
तुझीच,
ताई