तीन मीटर पश्चिमेला

ग्वारिलिवे,
द्राक्षतोडणीच्या आधीचा आठवडा

प्रिय एरास्मो,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे उघडशील की फाडून टाकशील, मला ठाऊक नाही. उघडलंस तर आधी एवढं ऐक, इकडे सगळे जिवंत आहेत. तुझ्या बाबांचे गुडघे गेलेत, पण तोंड शाबूत आहे. माझ्या बाबांचंही तेच.

भूकंपानंतरचे ते दिवस आठवतात? दोन्ही घरं पडलेली, आपण सगळे वेलींमध्ये ताडपत्र्या बांधून राहत होतो आणि एकाच चुलीवर घेवडा शिजायचा. रेडिओवर सांगितलं, त्या धक्क्याने पृथ्वी किंचित जोरात फिरू लागली असावी, दिवस सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्शाएवढा आखूड झाला असावा, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. तू म्हणालास, "झालं, आता मजुरीही तेवढी कापतील!" माझ्या बाबांना हसता हसता ठसका लागला होता. तोडणी उरकली की आपलं लग्न, हे ठरलेलंच होतं. डोक्यावर छप्पर नव्हतं, पण तेवढी सुखी मी पुन्हा कधी झाले नाही.

मग घरबांधणीच्या मदतीसाठी जमिनी मोजायला तो मोजणीदार आला. हद्दीचे जुने आकडे त्याने उपग्रहाच्या यंत्रात घातले आणि यंत्र दाखवेल तिथे खुंट्या ठोकल्या. कुंपणापासून तीन मीटर पूर्वेला, आमच्या बाजूला. माझ्या आजोबांनी लावलेल्या वेलींच्या दोन ओळी बसल्या जागी तुमच्या झाल्या. तुझे बाबा माझ्या बाप्तिस्म्याचे धर्मपिता, म्हणून ते आणि माझे बाबा एकमेकांना कोंपाद्रे म्हणायचे. "मी काय करू कोंपाद्रे," तुझे बाबा म्हणाले, "आकाशातून दिसलंय ते. उपग्रह काय माझा मेहुणा लागतो?" माझ्या बाबांनी कुऱ्हाड आणली आणि त्या दोन्ही ओळी, घडांसकट, बुंध्यापासून तोडल्या. "घ्या आता, खा!" त्यानंतर लग्न मोडलं असं कुणाला म्हणावंही लागलं नाही. माझे बाबा दारात उभे होते, तुझे बाबा कुंपणाशी. तू उत्तरेला खाणीत निघून गेलास आणि आपण दोघं आज्ञाधारक ठरलो. काय मिळवलं रे आपण आज्ञा पाळून?

इतक्या वर्षांनी, या उन्हाळ्यात रस्त्याच्या मोजणीला कोन्सेप्सिओन शहरातून एक इंजिनिअर मुलगी आली. यंत्र बघताच बाबांचं डोकं फिरलं, सगळी कहाणी त्यांनी तिच्या अंगावर ओरडून सांगितली, पृथ्वी जोरात फिरली म्हणून तुमचे उपग्रह चुकले म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "आजोबा, यंत्र खोटं बोललं नव्हतं. दिवस आखूड झाला म्हणून उपग्रहांचं काही बिघडत नाही, तो फरक हिशेबात धरतात. सरकली ती तुमची जमीन. भूकंपाच्या पहाटे ती तीनेक मीटर पश्चिमेला गेली आणि मोजणीदाराने आकडे मात्र भूकंपाआधीचे वापरले." बाबांना काही कळेना. तेव्हा तिने टेबलावरच्या कापडावर दोन पेले ठेवले आणि कापड हळूच ओढलं. "पेल्यांमधलं अंतर बदललं का? तुम्ही दोघंही सरकलात, बरोबरीने. कुंपण होतं तिथेच बरोबर होतं."

बाबांनी कापड स्वतः एकदा ओढून पाहिलं. मग टोपी घेऊन निघाले ते थेट तुमच्या फाटकाशी. "कोंपाद्रे, बाहेर या! आपण दोघं गाढव आहोत!" आतून तुझ्या बाबांचा आवाज, "तुम्ही आहात ते ठाऊक होतंच, मी कधीपासून झालो?" आता रोज दुपारी सावलीत बसून दोघं त्या मोजणीदाराला शिव्या घालतात. सारं गाव खूश आहे. मला मात्र इतका राग आला, की दोन दिवस मी बाबांशी बोलले नाही. एवढं सोपं होतं ते, एरास्मो. एक कापड आणि दोन पेले.

गेल्या रविवारी दोघंही माझ्यापुढे आले, धुतलेले शर्ट घालून, टोप्या हातात. तुझे बाबा म्हणाले, "पोरी, आता मधे काही अडचण उरली नाही. एरास्मोला बोलावून घे. तोडणी झाली की लग्न उरकून टाकू." तुझ्यासाठी त्यांनी खोलीला चुना दिलाय, वाइनचं एक पिंप बाजूला काढून ठेवलंय. तू त्यांना कधी कळवलंच नाहीस. तुझी बायको, तुझी मुलगी, सगळं मला उत्तरेहून आलेल्या मिरेयाने सांगितलं, आणि मी ते कुणापाशीच बोलले नाही. मोठ्याने बोलले असते तर ते खरं झालं असतं. म्हणून मी त्या दोघांपुढे नुसती मान डोलावली. आता तूच ये आणि तूच सांग. मी सांगितलं तर ते माझी समजूत घालायला बसतील, आणि ते मला सोसणार नाही. बायकोला आण, मुलीला आण. नात मांडीवर आली की तुझे बाबा सावरतील. माझे बाबा माझ्याकडे बघतील, तेव्हा मी स्वयंपाकघरात असेन.

एके काळची तुझीच,
नोल्फा