माळावरच्या भोवत्यांची शिरगणती

छत्रपती संभाजीनगर,
१७ ऑक्टोबर २०२३

ती. मोहनमामांस,
सायलीचा शि. सा. न. वि. वि.

माझा उजवा पाय प्लास्टरात आहे आणि आईचं तोंड मोकळं आहे, तेव्हा माझे दिवस कसे चाललेत ते तुम्ही ओळखलंच असेल. पक्षी बघताना जिन्यावरून पडले, असा तिने गल्लीभर प्रचार केलाय. मी धुणं वाळत घालत होते. पक्षी फक्त दिसला.

काम असं आहे. धारूरच्या किल्ल्यामागच्या माळावर दर शरदात भोवत्या पक्षी उतरतात. घारीपेक्षा सडपातळ, दूरच्या थंड मुलखातून येणारे, दिवसभर नाकतोडे टिपून संध्याकाळी गवतात जमिनीवरच झोपणारे. सहा वर्षं मी ते मोजून आकडा पक्षी-अभ्यासकांकडे पाठवतेय. यंदा मोजणी हुकली तर मधेच खंड पडेल, आणि खोटा आकडा गेला तर मागच्या सहा वर्षांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून तुम्हाला गळ घालते. संध्याकाळी मोकळा आणि मोतीबिंदू काढून झालेला दुसरा माणूस धारूरात मला माहीत नाही.

भीती एकच आहे. भगवानरावांच्या सभांची गर्दी तुम्ही मोजता. समोर चारशे माणसं बसली की पेपरात दहा हजार येतात. मामा, भोवत्यांना मताचा अधिकार नाही. आणि आकडा फोनवर सांगू नका. फोनवर तुमचा आकडा बोलता बोलता वाढतो. कागदावर लिहून पाठवा.

मामींना नमस्कार. पाय बरा होईपर्यंत तरी रागावू नका, लोभ राहू द्या.

आपली भाची,
सायली


धारूर,
२८ ऑक्टोबर २०२३

चि. सायलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या मामीने मोठ्याने वाचलं. मताच्या अधिकाराचं वाक्य दोनदा वाचलं. असो, तिची करमणूक झाली.

काल मोजणी उरकली. अंदाजे पाच हजार. पद्धत अगदी शास्त्रोक्त. सभेत आपण मैदानाची एक पट्टी मोजतो अन् बाकीच्या मैदानाला गुणतो. तसाच आभाळाचा एक तुकडा धरला, त्यातले पक्षी मोजले अन् अख्ख्या माळाने गुणले. भगवानरावांच्या कानावर घातलं, तर लई खूश झाले. दिवाळीनंतर माळावरच पक्षी महोत्सव घ्यायचा म्हणतात. पाच हजार आकडा फलकावर बारका दिसतो म्हणून ‘लाखो पाहुण्यांचे स्वागत’ असं छापायला टाकलंय.

तुझ्या मामीचं म्हणणं, की एवढी पाखरं असती तर आंगणात ऊन पडलं असतं का, अन् तुमी चष्मा लावून गेलता का न्हाई. बायकांना शास्त्र कळत नाही.

पायाला हळद लाव. प्लास्टरवरून लागत नसेल तर दुधातून घे. आमची आठवण ठेव.

तुझा मामा,
मोहन


छत्रपती संभाजीनगर,
३ नोव्हेंबर २०२३

ती. मोहनमामांस,
शि. सा. न. वि. वि.

पाच हजार भोवत्या पक्षी धारूरला उतरले, तर साऱ्या बीड जिल्ह्यातले नाकतोडे दुपारच्या जेवणालाच संपतील. गेल्या वर्षी ते चौसष्ट होते.

तुमचं काय झालं ते सांगते. हे पक्षी गवतात उतरतात, उठतात, घिरटी घालतात, परत बसतात. तुम्ही प्रत्येक बसण्याला नवा पक्षी धरलात. सभेतून माणूस उठून गेला तर तुम्ही वजा करत नाही. इथे करावा लागतो. बाभळीपासून विजेच्या खांबापर्यंत मनात एक रेघ धरा. रेघेच्या आत आला तो मिळवा, बाहेर गेला तो वजा करा, आणि अंधार पडल्याशिवाय उठू नका. मामींना न्या. पाठीला पाठ लावून बसा, म्हणजे दुसरी बाजू त्यांना दिसेल.

पाच हजारांचा कागद मी पुढे पाठवलेला नाही. तुमच्या आकड्याखाली माझं नाव जातं, मामा. जमणार नसेल तर तसं कळवा, मी यंदा मोजणी झाली नाही असं लिहीन. रडू येईल, पण लिहीन.

थोडं टोचून लिहिलंय. मायेत कमी करू नका.

आपली,
सायली


धारूर,
२७ नोव्हेंबर २०२३

चि. सायलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघं माळावर बसलो. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण इतका वेळ एकमेकांकडे पाठ करून, न भांडता बसलो ते पहिल्यांदाच. महोत्सवाच्या आदल्या संध्याकाळी पक्की मोजणी केली. एकेचाळीस. दोघांचा आकडा सारखाच आला.

दुसऱ्या दिवशी मंडपात भगवानरावांनी माईक माझ्या हातात दिला अन् आकडा जाहीर करा म्हणाले. डोक्यावर लाखोंचा फलक. जीभ सवयीने उचलली होती, तेवढ्यात तुझं नाव आठवलं. मी एकेचाळीस म्हणालो. टाळ्या वाजवाव्यात का न्हाई, हेच कुणाला कळेना. भगवानरावांनी कानाशी येऊन विचारलं, की हजार का? मी म्हणालो, नुसते एकेचाळीस.

तेव्हा बायकांतून शेळ्यावाली दगडाबाई उठली, तुझ्या मोजणीला दर साली माळावर असते ती. गेल्या साली चौसष्ट होते तर औंदा कावून घटले, असं तिने विचारलं. मी लाखो म्हणालो असतो तर हा सवाल निघालाच नसता. अन् जवाब सगळ्यांच्या बुडाखाली होता. मंडपासाठी अर्ध्या माळाचं गवत कापलं होतं, अन् उरलेलं गाड्या लावायला दुपारी कापणार होते. पक्ष्यांच्या स्वागताला आपण त्यांचंच अंथरूण काढून घेतलं होतं. मग जो कालवा झाला तो तुला मामी सांगेल, तिचाच आवाज वर होता. गवत कापायचं यंत्र आल्या वाटेने परत गेलं. भगवानराव भाषण न करताच निघून गेले, महोत्सवातली ही सगळ्यात मोठी कमाई.

मला आता सभेचं बोलावणं येईलसं वाटत नाही. संध्याकाळ मोकळीच आहे. पाय जपून टाक, अन् पुढच्या शरदात इथे ये. मामीची अन् माझी माया तुझ्या वाट्याला आहेच.

तुझा मामा,
मोहन

ता. क. मंडप उठल्यावर काल परत मोजले. मामी त्रेपन्न म्हणते, मी एकावन्न. शेवटचे दोन बाभळीमागून आत आले का बाहेर गेले, यावर जेवण होईपर्यंत आमचं वाजलं. तिची नजर माझ्याहून तेज आहे, हे तिला कळवू नकोस. तरी जे दोघांनाही पटले ते एकावन्न, तेवढेच तू लिही.