गादीची दुसरी बाजू

ती. आईस,
नाक दाबून नमस्कार.

खोली मिळाली. परवडणाऱ्यांत हीच बरी, यावरून बाकीच्या कशा असतील ते समज.

घरमालकीणबाई म्हणाल्या, "विद्यार्थ्यांना काय, पाठ टेकायला जागा झाली की झालं." जिच्यावर पाठ टेकायची ती गादी बघून मला शिसारी आली. मधोमध माणसाएवढा तेलकट डाग आणि त्याला चिकटलेले केस. मी दोन बोटांनी ती उलटी केली, तर खाली दुसऱ्याच कुणाचा तरी डाग. म्हणजे माझ्याआधी राहिलेल्या मुलीलाही हेच सुचलं होतं.

मग गादी भिंतीला उभी केली आणि तू बॅगेत कोंबलेली जाड चादर फरशीवर अंथरली.

बाबांची पाठ कशी आहे? त्यांना सांग, डॉक्टर त्यांना सांगतात तशी मीही आता कडक जागेवरच झोपते.

तुझी, अजून अंग खाजवणारी,
ठमी