प्रागच्या सभेतला प्रश्न

वडवणी,
दसऱ्याच्या चार दिवस आधी

प्रिय सुरेखा,

तू फोनवर तीनदा विचारलंस, "आक्का, परदेश कसा हाय ते सांग की," आणि तिन्ही वेळा मी "लई भारी" म्हणून विषय बदलला. तुझा आवाज ऐकला की माझी जीभ उचलत नाही, म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच, आणि वाचताना जवळ कुणी नसू दे.

आमच्या संस्थेच्या सुभद्राबाई तुला माहीत आहेत, केजच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या त्या. प्रागमध्ये देशोदेशीच्या कष्टकरी बायकांची सभा होती. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाच्या पिशव्या कशा काढून टाकतात, हे तसल्याच एखाद्या बाईनं सांगावं म्हणून त्यांनी मला नेलं. एकूण तीन दिवस. शहर सुंदर आहे, त्यात खोटं नाही. मधून मोठी नदी जाते. तिच्यावर सहाशे वर्षांहून जुना दगडी पूल, दोन्ही कठड्यांवर काळे पडलेले पुतळे. पलीकडे टेकडीवर किल्ला, खाली लाल कौलांची घरं. चौकात एक जुनं घड्याळ आहे. तास भरला की त्याच्या खिडक्या उघडतात, संतांच्या मूर्ती फिरतात आणि बाजूला हाडांचा सापळा घंटी वाजवतो. माणसं माना वर करून हसत बघत होती. मला हसू आलं नाही.

रस्ते सगळे चौकोनी दगडांचे, माझी कंबर पन्नास पावलांतच भरून यायची. मग नदीकाठच्या बाकावर बसून आम्ही घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. सुभद्राबाई म्हणाल्या, "मंगल, चाळिशीतच म्हातारी झालीस गं तू." मी म्हटलं, "बाई, आमच्या टोळीत समद्या अशाच हायती." म्हटलं आणि तूच डोळ्यांपुढे आलीस. तू तर अजून तेहेतीसची. तुझे गुडघे धरतात, भर थंडीत अंगातून वाफा निघतात, हे तू कधी सांगत नाहीस, पण मला कळतं. माझंही तसंच झालं होतं ना.

दुसऱ्या दिवशी सभा. उंच छताचा दिवाणखाना, छतावर सोनेरी नक्षी, समोर दीडदोनशे माणसं. मी मराठीत बोलायची, सुभद्राबाई इंग्रजीत सांगायच्या. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, पाळीच्या दिवसांतही बाईला मोळी उचलावी लागते, खाडा चालत नाही, हे सांगितलं. माझं ऑपरेशन सांगितलं. आणि सुरेखा, तुझंही सांगितलं. नाव घेतलं नाही, "एक चोवीस वर्षांची पोर" म्हटलं. पोटात दुखत होतं, अंगावर जात होतं, पदरात तीन वर्षांची एकच लेक, आणि डॉक्टर म्हणाला पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. एका पांढऱ्या केसांच्या बाईनं हात वर केला. सुभद्राबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मंगल, या विचारतायत, त्या पोरीच्या कागदावर सही कुणाची होती?"

मी म्हणाले, "नवऱ्याची."

त्या बाईनं मान हलवली. सगळ्यांनी ते लिहून घेतलं. पुढं काय बोलले ते मला आठवत नाही. शेवटी सगळी माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. एका पोरीनं तर रडत मला मिठी मारली. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी होते आणि मला तुझा नवरा दिसत होता, भागवत, तुमच्या तलवाड्याच्या घराच्या ओट्यावर एकटा जेवणारा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच त्या पुलावर गेले. पांढरा झगा घातलेली एक नवरी फोटो काढून घेत होती, वाऱ्यानं झगा उडत होता आणि नवरा तो दोन्ही हातांनी गोळा करत होता. मी तुमचं घर आठवत राहिले. नऊ वर्षं एका छपराखाली दोन चुली. त्याला काही सांगायचं तर तू लेकीकडून निरोप पाठवतेस. तो म्हणत राहिला, "सुरेखा, मी सही न्हाई केली, आईची आन." तू त्याच्यापुढे कागद धरलास, नाव त्याचंच होतं. मग त्यानं सांगणं सोडून दिलं. मी तुमच्याकडे यायचे, तुझ्या हातचं जेवायचे आणि गप्प बसायचे.

आता ऐक. दवाखान्यात तुला आत नेलं तेव्हा मी बाहेरून भागवतला फोन केला होता. तो म्हणाला, "आक्का, मी येस्तवर थांबा. बीडला दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, मंग बघू." मी हो म्हटलं. नर्स म्हणाली, नवऱ्याची सही लागते. आठ दिवसांनी ऊसतोडीच्या गाड्या निघणार होत्या, मुकादम रोज विचारत होता. मी पेन घेतलं आणि त्याचं नाव लिहिलं. डॉक्टरचं खरं वाटलं होतं मला, भीतीही वाटली होती, पण तेवढंच नव्हतं. माझी पिशवी गेल्याला दोन वर्षं झाली होती, आणि रोज वाटायचं की आपण घाई केली. तूही केलीस तर माझी घाई घाई राहणार नव्हती. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, स्वतःलाही नाही.

परत आल्यावर सुभद्राबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिकडच्या लोकांना मी कळवते. पण आधी तिला कळू दे." दसऱ्यानंतर या पिशव्यांच्या ऑपरेशनांची चौकशी करणारे लोक बीडला येणार आहेत. तिथं मी माझ्या नावानिशी सांगणार आहे की ती सही मी केली. तुला परक्याच्या तोंडून कळू नये म्हणून हे पत्र. माझ्यावर दया करू नकोस. मी आले तर दार उघडू नकोस, माझ्याशी जन्मात बोलू नकोस, ते मी सोसेन. पण हा कागद खाली ठेवलास की ओट्यावर जा, आणि त्याच्याशी बोल.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
आक्का
(मंगल)