व्हिनेगरमधला मोती

रोम, ९ ऑक्टोबर २०१८

प्रिय नुंझिया,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं नाव वाचून तू हे न उघडताच टाकून दिलं नसशील, अशी आशा धरून लिहिते आहे. तुझा पत्ता आपल्या गावच्या, मोंतेफालोच्या पाद्रीबुवांनी दिला. तुझी आई एर्मिनिया अजून आहे, ब्याण्णव वर्षांची आहे आणि तोरिनोला तुझ्याकडेच असते, हेही त्यांनीच सांगितलं.

इकडे सगळं ठीक. ऑक्टोबर लागला तरी ऊन हटत नाही. गुडघे कुरकुरतात. गावातलं आमचं घर माझ्या भावानं, रानिएरीनं केव्हाच विकलं. तिथे आता हॉटेल आहे, आणि आपण दोघी लपायचो त्या तळघरात लोक वाइन चाखायला येतात म्हणे. मी रोममध्येच, मोंतेवेर्देला दोन खोल्यांत राहते. लग्न केलं नाही. परदेशी मुलींना इटालियन शिकवते. आणि मधूनमधून काउंटेस म्हणून कामाला जाते. हस, खुशाल हस.

सरदार घराण्यांच्या पदव्या कायद्यानं कधीच गेल्या, पण लोकांना आपल्या मेजवानीत एखादी खरी काउंटेस बसलेली हवी असते. लग्नं, वाढदिवस ठरवून देणारी एक बाई आहे. तिचा फोन आला की मी काळा ड्रेस आणि आजीची अंगठी घालते, यजमानाच्या उजव्या हाताला बसते आणि आमचा मूळ पुरुष रोमन कॉन्सल होता असं सांगते. होता की नव्हता, देव जाणे. आजोबा सांगायचे, म्हणून मी सांगते.

परवाच्या रविवारी अशीच एक मेजवानी होती. आपियाच्या जुन्या रोमन रस्त्यावर, एका भाड्याच्या बागेत. यजमान ओरेस्ते ब्रुन्योली, बाथरूमच्या फरश्यांचा मोठा व्यापारी, वयाची साठ पूर्ण झाली म्हणून त्यानं दुपारी रोमन जेवण ठेवलं होतं. दीडशे माणसं पांढऱ्या चादरी गुंडाळून कोचांवर आडवी पडून जेवत होती. अर्ध्यांच्या चादरीखालून बूट दिसत होते. वर जाळं बांधलं होतं, त्यातून गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या आणि सगळ्यांच्या रश्शात जायच्या. टर्कीला मोराची पिसं खोचली होती. आख्खं डुक्कर आणलं, त्याचं पोट चिरल्यावर आतून सॉसेजच्या माळा बाहेर आल्या, तेव्हा बायका किंचाळल्या आणि मग त्यांनी फोटो काढले.

ब्रुन्योली माणूस वाईट नाही. त्याची म्हातारी आई आर्जिया शेजारीच खुर्चीवर बसली होती, चादरीवर लोकरीचा स्वेटर घालून. तो दर पाच मिनिटांनी तिच्या पायांवरची शाल नीट करत होता. ती आयुष्यभर लोकांचे कपडे धुणारी बाई, हे त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज जरा खाली गेला.

शेवटी त्यानं टाळ्या वाजवल्या. चांदीचा पेला आला. त्यात व्हिनेगर. त्यानं सगळ्यांना दाखवून एक मोती त्यात टाकला. त्या राणीची गोष्ट तुला आठवते? तेव्हाचे पाद्री कॅलिस्तो आपल्याला शिकवायचे, म्हणजे मला शिकवायचे आणि तू दाराशी बसून ऐकायचीस. रोमन सरदाराला खर्चात हरवायला जी मोती विरघळवून प्यायली, ती. ब्रुन्योलीनं पेला हलवला, मदतनिसानं पाठीमागे तो गुपचूप दुसऱ्या पेल्याशी बदलला, आणि यजमान ओरडला, "हे पिण्याचा मान खऱ्या रक्ताला! काउंटेस, घ्या!"

मी प्यायले, नुंझिया. खडू कालवल्यासारखी चव होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग कोणीतरी विचारलं, "काउंटेस, तुमच्या घराण्यात मोत्यांचे किस्से असतीलच की!" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो तर. आमच्याकडे एक मोती मला दूध पाजणाऱ्या दाईनं चोरला होता." मी ते विनोदासारखं सांगितलं. लोक हसले.

आर्जियाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "मग, सापडला का तिच्याकडे?"

"नाही," मी म्हटलं.

"मग तिनंच चोरला हे कशावरून?"

ब्रुन्योली म्हणाला, "आई, जेव ना तू." पण त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी पाणी मागितलं. थोड्या वेळानं डोकं दुखतंय असं सांगून घरी आले.

आता ते लिहिते, जे लिहायला मी ही चार पानं खर्ची घातली.

तो मोती मी घेतला होता. १९५९ साली, बिशप जेवायला यायचे होते त्याच्या आदल्या दिवशी. मला बघायचं होतं, मोती खरंच विरघळतो का. आजीच्या कानातल्यातला एक काढला आणि स्वयंपाकघरात फडताळाच्या मागे एका वाडग्यात व्हिनेगर ओतून त्यात टाकला. तासभर बघत बसले. काही होईना. उद्या बघू म्हणून तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी वाडगा धुऊन पालथा घातलेला होता.

आजीच्या खोलीची किल्ली एर्मिनियाकडे असायची. पुढचं तुला माहीत आहे, आळ तिच्यावर आला आणि तुमचं गाव सुटलं. आजोबा म्हणाले, "मी पोलिसांना कळवणार नाही. आमच्या घराण्याला ते शोभत नाही." सगळे म्हणाले, केवढं मोठं मन! मी जिन्यावर उभी होते. अकरा वर्षांची होते, हे खरं. पण मग बारा वर्षांची झाले, वीस वर्षांची झाले, चाळीस वर्षांची झाले. तोंड उघडायला कोणी मला अडवलं नव्हतं. आजोबा गेले, आजी गेली, तरी मी गप्प राहिले. एवढी वर्षं निदान गप्प तरी होते. परवा तेच खोटं मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

तुझ्या आईचं दूध आपण दोघी वाटून प्यालो. मला तिच्यासमोर येऊन हे सांगायचं आहे. तू म्हणशील त्या दिवशी गाडी पकडते. येऊ का?

तुझी दूधबहीण,
ओत्ताविया


तोरिनो, २४ ऑक्टोबर २०१८

ओत्ताविया बाईसाहेब,

पत्र मिळालं. तुम्ही मला तू म्हणता. मी तुम्हाला तुम्हीच म्हणेन, लहानपणी तसंच शिकवलं होतं.

पत्र आधी मी एकटीनं वाचलं. मग दोन दिवस आईशी नीट बोलू शकले नाही. कारण सांगते. गाव सुटलं, इथे कारखान्याच्या वस्तीत आलो, वडील पिऊ लागले. ते चिडले की म्हणायचे, "घेतलास तर घेतलास, निदान विकून पोरांना तरी खायला घालायचंस!" आणि मी, तिची मुलगी, मोठी झाल्यावरही कधीकधी तिच्या ट्रंकेकडे बघून मनात म्हणायचे, असेल का तिथे? तुमच्यामुळे मी माझ्या आईवर संशय घेतला. मेजवानीतल्या टाळ्यांपेक्षा हे लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी तिला वाचून दाखवलं. कान अजून शाबूत आहेत. वाडग्याचं आलं तसं तिनं मला थांबवलं. म्हणाली, "फडताळामागचा? निळ्या काठाचा? अगं, तो मीच ओतला मोरीत! म्हटलं, कुणी मेल्यानं व्हिनेगर उघडं टाकलंय!" आणि हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. मग भिंतीकडे तोंड करून झोपली. संध्याकाळी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं जे सांगितलं ते तसंच लिहिते. "तिला म्हणावं, इथे येऊ नकोस. मी चोर नाही हे मला ठाऊक आहे, मला येऊन काय सांगणार? ज्यांनी मला चोर म्हटलं त्यांना सांग. मृतांच्या दिवशी सगळा गाव फुलं घेऊन कबरस्तानात जातो, रोमला गेलेलेसुद्धा येतात. फाटकापाशी उभं राहून सांग. हळू नाही, मोठ्यानं. बोलून झालं की कळव."

एवढंच.

नुंझियाता


मोंतेफालो, २ नोव्हेंबर २०१८

आदरणीय नुंझियाताबाई,

नमस्कार. एर्मिनियाबाईंनी कळवायला सांगितलं होतं, म्हणून चौकातल्या कॉफीच्या दुकानात बसून आजच लिहिते आहे. अक्षर नीट येत नाही, माफ करा.

रोमहून निघण्याआधी रानिएरीला सांगितलं. तो म्हणाला, "वेड लागलंय तुला. कुणाला आठवतंय ते? घराण्याचं नाव मातीत घालशील." मी म्हटलं, "घराणं म्हणजे आता तू आणि मी, रानिएरी. आणि तू घर विकलंस." त्यानं फोन आपटला.

सकाळी नऊला फाटकापाशी पोहोचले. शेवंतीची एवढी फुलं, की फाटक दिसत नव्हतं. पाद्रीबुवांना आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, प्रार्थनेनंतर बोला, मी लोकांना थांबायला सांगतो. साठेक माणसं थांबली. त्यातली निम्मी तरुण, त्यांना मी कोण हेच ठाऊक नव्हतं. एकानं विचारलंसुद्धा, "हॉटेलवाल्या का तुम्ही?"

मी चार ओळी लिहून नेल्या होत्या. चष्म्यावर पाणी आलं, कागद दिसेना. मग तशीच बोलले. म्हटलं, "१९५९ मध्ये आमच्या घरातून मोती गेला आणि तुम्ही एर्मिनिया तोस्तीला चोर म्हणालात. मोती मी घेतला होता. मी, ओत्ताविया. खेळायला घेतला आणि हरवला. तिनं काही केलं नव्हतं. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी बोलले नाही." मागून कोणीतरी ओरडलं, "ऐकू येत नाही!" म्हणून सगळं पुन्हा म्हणाले. दुसऱ्यांदाही एकही वाक्य अर्धं सोडलं नाही.

टाळ्या वाजल्या नाहीत. कोणी शिव्याही दिल्या नाहीत. लोक फुलं हातात धरून उभे होते. बेकरीवाल्या रिगेत्तोचा मुलगा, आता तोही सत्तरीचा, म्हणाला, "आम्ही विसरून गेलो होतो बाई. कशाला उकरून काढायचं?" त्याला उत्तर मी दिलं नाही, दोमितिल्लानं दिलं. ती आठवते तुम्हाला? देवळात घंटा वाजवणाऱ्याची बहीण, आता अठ्ठ्याऐंशीची, काठी घेऊन चालते. ती त्याला म्हणाली, "तू विसरलास, कारण तुला काय फरक पडत होता? देवळात मी त्या बाईच्या शेजारी बसायचं सोडलं होतं. तिला पाहून बाक बदलला होता. ते मी नाही विसरले." आणि तिथेच, सगळ्यांसमोर, तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

दोमितिल्लानं माझ्याकडून तुमचा पत्ता मागितला. तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नाही असं मी सांगितलं. ती रागावली, पण वाट बघते म्हणाली. हॉटेलातल्या स्वयंपाकिणीनंही विचारलं, एर्मिनियाबाई कशा आहेत. ती तुमच्या शेजारच्या घरातली, तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. तिच्या आजीनं तिला सांगितलं होतं म्हणे, की त्या बाईनं काही घेतलं नव्हतं. म्हणजे गावात एक माणूस तरी असं म्हणत होतं. हे एर्मिनियाबाईंना आवर्जून सांगा.

घरी परतताना रोममध्ये त्या मेजवान्या ठरवणाऱ्या बाईला भेटून नाही म्हणून सांगणार आहे. आर्जियाबाईंना एक चिठ्ठी लिहिली आहे, की तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मी आज दिलं.

लोक पांगल्यावर मी आत गेले. एर्मिनियाबाईंच्या आईवडिलांची जागा पाद्रीबुवांनी दाखवली. दगडावर शेवाळं चढलं आहे, तारखा वाचता येत नाहीत. दुकानातून ब्रश आणि बादली आणली आहे. अर्धा दगड घासून झाला. वडिलांचं नाव आता दिसतं, आईचं राहिलं आहे. उद्याही इथेच थांबते. तुम्ही उत्तर पाठवावं म्हणून हे लिहीत नाही. काम कुठवर आलं ते तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी.

जिच्यामुळे तुम्ही आईवर संशय घेतलात, ती
ओत्ताविया